लिंडनरबाई, फुक्ससाहेब आणि राहिलेला वॉल्ट्झ

सन्माननीय अध्यक्ष श्रीमान दौलतराव पाटील, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर लिंडनर आणि त्यांच्या सुविद्य पत्नी लिंडनरबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले आमच्या स्टोअर्सचे प्रमुख श्रीयुत उद्धवराव, रंजन मंडळाचे सेक्रेटरी रंगराव, कारखान्यातील अधिकारी आणि कामगार बंधू, पिंपरी गावची वडीलधारी मंडळी, आणि डाव्या हाताला बसलेल्या माता-भगिनींनो,

डाव्या हाताला म्हटलं म्हणून सगळ्यांनी तिकडं वळून पाहायचं कारण नाही. मी नुसता शिष्टाचार पाळला.

रंगरावांनी मला बोलायला उभं करण्याआधी कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "ज्योतीराम, संगीतावर बोल, बाईंवर बोल, आणि कृपा करून आज कुणाशी भांडू नको." मी शब्द दिला आहे. तेव्हा मधे कुणी शिट्टी वाजवली तरी मी व्यासपीठावरून खाली उतरणार नाही. पॅकिंग खात्यातल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी, पण परीक्षा पाहू नये.

डॉक्टरसाहेबांच्या कामाबद्दल मोठ्या साहेबांनी सांगितलंच. बुरशीपासून औषध निघतं आणि त्यानं मरणारा माणूस उठून बसतो, हे आपण सगळ्यांनी या कारखान्यात डोळ्यांनी पाहिलं. त्यावर मी काय बोलणार? मी इंटरला असताना कॉलेज सोडलेला माणूस. प्राध्यापकांशी वाद झाला, मी तासावरून उठलो, सायकल काढली आणि दापोडीचा पूल ओलांडेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. वाद कशावरून झाला हे आता मलाही नीट आठवत नाही. माझंच बरोबर होतं एवढं आठवतं.

तर मी बोलणार बाईंबद्दल. बाईंचा बंगला जिथं आहे तिथं पूर्वी आमचं रान होतं. माझे वडील तिथं हरभरा घेत. कारखान्यासाठी जमीन गेली, आम्हाला नोकऱ्या मिळाल्या, आणि हरभऱ्याच्या जागी पियानो आला. तो पियानो देहूरोडच्या एका लष्करी मेसमधून लिलावात निघालेला. ट्रक बंगल्याच्या वळणावर चिखलात रुतला, तेव्हा तिथून पुढं तो आमच्या बैलगाडीतून नेला. मी गाडीबरोबर चालत होतो. गाडीला हिसका बसला की त्या पेटाऱ्यातून पन्नास घंटा एकदम हलल्यासारखा आवाज यायचा, आणि आमचे बैल थांबून एकमेकांकडं पाहायचे. बाई मागून चिखलात अनवाणी येत होत्या. हातात चपला, तोंडाने एकच वाक्य, "हळू, बाबा, हळू, हा म्हातारा आहे." मला वाटलं बैलांबद्दल बोलतात.

पहिल्या पावसाळ्यात त्या पियानोला बुरशी धरू नये म्हणून बाईंनी त्याच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवला. रात्रंदिवस जळायचा. फटींतून उजेड बाहेर यायचा. आपल्या अध्यक्षांच्या मातोश्री गोजाबाई एकदा ताक घेऊन गेल्या होत्या. त्यांनी तो उजेड पाहिला, पायातलं पायताण काढलं आणि हात जोडले. म्हणाल्या, "गोरी बाई हाय, पर नंदादीप इझू देत न्हाई." बाईंनी कधी ही समजूत दुरुस्त केली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्या चूक कुठं बोलल्या?"

आता मुख्य विषयावर येतो. रंगराव घड्याळाकडं बघताहेत, म्हणजे वेळ झाली नाही, फक्त काळजी सुरू झाली.

पियानो गाडीतून उतरवल्यावर बाईंनी लगेच झाकण उघडून काहीतरी वाजवलं. सूर उतरलेले होते, दोन-तीन पट्ट्या मुक्या होत्या. पण मी गाडी सोडायची विसरून उभा राहिलो. मला साहेबी संगीत म्हणजे मिलिटरीचा बँड एवढंच ठाऊक. हे तसं नव्हतं. हे कुणीतरी जेवण झाल्यावर ओसरीवर बसून, फार मोठ्यानं न बोलता, मनातलं सांगावं तसं होतं. मी विचारलं, हे कुणाचं? कॉलेजच्या लायब्ररीत एका पुस्तकात मी दोन-तीन मोठी नावं वाचली होती, त्यांतलं एक मी फेकूनही पाहिलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "नाही. हे रॉबर्ट फुक्स. तू ऐकलं नाही. व्हिएन्नामधे पण लोक विसरले."

मंडळी, हे फुक्ससाहेब कोण? बाईंनी मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो. ऑस्ट्रिया देशातल्या एका खेड्यातल्या मास्तरांचा मुलगा. घरात भावंडांची ही रांग, त्यांत हे शेवटचे. व्हिएन्नाला जाऊन संगीतशाळेत शिक्षक झाले आणि जन्मभर शिकवत राहिले. त्यांच्या हाताखालून असे असे शिष्य निघाले की ज्यांची नावं आज जगभर घेतात. गुरूंनी स्वतःही खूप लिहिलं. पण आपल्या नावाचा डंका पिटायला ते कधी घराबाहेर पडले नाहीत, आणि न पिटलेला डंका कोण ऐकणार?

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, हा अन्याय आहे, यांचं नाव झालं पाहिजे. बाई म्हणाल्या, "नाव नको. वाजवलं पाहिजे. मोठ्या लोकांचं वाजवायला जग आहे. यांचं वाजवायला पिंपरीमधे मी आहे."

आणि गंमत पाहा. बाईंना हे फुक्ससाहेब व्हिएन्नात भेटलेच नव्हते. जन्म त्या शहरात, शिक्षण त्या शहरात, आणि त्यांचा एक सूर कधी बोटाखाली आला नाही. अडतीस साली त्यांना आणि डॉक्टरांना जीव वाचवायला देश सोडावा लागला. का, ते इथं बसलेल्या सिंधी बंधूंना मी समजावून सांगायला नको. एका ट्रंकेनिशी मुंबईला आल्या, मुलांना सारेगम शिकवून पोट भरलं. तिथं एका पारशी गृहस्थाचं घर रिकामं होत होतं, जुनी कागदपत्रं रद्दीत चालली होती. त्या गठ्ठ्यात बाईंना आपल्या गावची माणसं सापडली. फुक्ससाहेबांचे वॉल्ट्झ, म्हणजे तिकडच्या नाचाचे तुकडे, सापडले. मारियाना मार्तिनेझ नावाच्या व्हिएन्नातल्या एका बाईंची रचना सापडली, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. स्वतःच्या गल्लीतला माणूस परमुलखात रद्दीवाल्याच्या पोत्यात भेटावा, याला काय म्हणायचं? बाई म्हणतात, "हिटलरनं माझं घर घेतलं, मुंबईनं मला शेजारी दिला."

पण त्या वॉल्ट्झमधे एक अडचण होती. ते चार हातांचे होते. म्हणजे एकाच पियानोपुढं दोन माणसांनी शेजारी शेजारी बसायचं. उजवीकडं बसणाऱ्यानं वरचे सूर घ्यायचे, डावीकडं बसणाऱ्यानं खालचे. डॉक्टरसाहेबांचा, त्यांनी क्षमा करावी, सुराशी संबंध एवढाच की कारखान्यातली कोणती टाकी कोणत्या आवाजात घुमते हे त्यांना कळतं. त्यामुळे बाई वर्षानुवर्षं आधी वरची बाजू वाजवायच्या, मग सरकून बसून खालची वाजवायच्या, आणि दोन्ही मिळून कसं होईल ते मनात ऐकायच्या. जेवायला बसलेल्या माणसानं आधी भाकरी खावी आणि नंतर कालवण प्यावं, तसं.

इथं मला श्रीयुत उद्धवरावांचे आभार मानले पाहिजेत. उद्धवराव मूळचे बार्शीचे. चार वर्षांपूर्वी ते सहकुटुंब इथं आले. त्यांची कन्या कुमारी शालन पेटी उत्तम वाजवत असे. बाईंनी खिडकीतून ती ऐकली आणि स्वतः उद्धवरावांच्या घरी जाऊन मुलगी मागितली. शिकवण्यासाठी मागितली, असं मी म्हणतोय. माता-भगिनींनी हसू नये.

पेटी वाजवणाऱ्याचा एक हात भात्यावर असतो. पियानोला भाता नाही. पहिले काही दिवस शालनचा, कुमारी शालनचा, डावा हात आपोआप मागं जायचा आणि हवेतच भाता मारायचा. बाई तो हात हळूच धरून पुढं आणायच्या आणि पट्ट्यांवर ठेवायच्या. ओरडल्या कधी नाहीत. मार्तिनेझबाईंचा तुकडा पुढं ठेवला तेव्हा शालननं विचारलं, "हे बाईनं रचलंय?" बाई हो म्हणाल्या. त्यानंतरचा आठवडा तिनं दुसऱ्या कशाला हात लावला नाही. हे मला कसं ठाऊक, असं कुणी विचारील. त्या आठवड्यात आमच्या वीजखात्याचे रस्त्यावरचे डबे तपासायला मला बंगल्याच्या रस्त्यानं वारंवार जावं लागत होतं.

वरची बाजू मिळाली. खालच्या बाजूला माणूस हवा होता. मी बाईंच्या पायरीवर जाऊन बसलो आणि म्हणालो, मला शिकवा. बाईंनी माझे हात पालथे-उताणे करून पाहिले आणि म्हणाल्या, "बोटं बरी. डोकं गरम. खाली बसणाऱ्याचं डोकं थंड पाहिजे." मी म्हणालो, होईल. मंडळी, प्राध्यापकांनी मला दोन वर्षांत जेवढं शिकवलं नाही तेवढं मला त्या खालच्या बाजूनं शिकवलं. कारण खालची बाजू म्हणजे काय? वरचा सूर गातो. खालच्यानं त्याला जमीन द्यायची. धुम् चक् चक्, धुम् चक् चक्. कंटाळायचं नाही, पुढं पळायचं नाही, आपला आवाज वर काढायचा नाही. आणि पियानोच्या पायपट्टीवर पाय खालच्याचा असतो. ती दाबून धरली तर सूर रेंगाळतो, सोडली की विरतो. म्हणजे सूर तिनं लावायचा, आणि तो किती वेळ राहील हे माझ्या पायात. एवढी जबाबदारी मला आजवर कुणी दिली नव्हती.

उद्धवरावांनी परवानगी दिली, पण अटींवर. एका बाकावर बसायचं नाही, दोन स्टुलं, मधे अंतर, आणि शालनच्या मातोश्री कौशल्याबाई खोलीत हजर. आई म्हणून त्यांना तो अधिकारच होता. त्या तांदूळ निवडत बसायच्या आणि नजर माझ्या पायावर. एकदा न राहवून म्हणाल्या, "काय रं ज्योतीराम, हात चार हायतीच की, त्यात तुजा पाय कशाला मधी?" मी त्यांना पायपट्टीचं शास्त्र समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आसंल. पर पाय सरळ ठीव." पण मंडळी, फुक्ससाहेबांनी बार्शीचा रिवाज ध्यानात घेऊन लिहिलेलं नाही. त्यांच्या संगीतात खालच्याचा उजवा हात आणि वरच्याचा डावा हात मधेच एकमेकांच्या वाटेत येतात. एकानं उचलायचा, दुसऱ्यानं त्याच जागी ठेवायचा. ती पट्टी अजून ऊन असते. याला उद्धवराव काय करणार आणि मी तरी काय करणार?

आता संक्रांतीनंतरच्या त्या कार्यक्रमाबद्दल बोललंच पाहिजे. बोलू नको असं रंगरावांनी खुणेनं सांगितलं, पण मी भांडत नाही, मी फक्त सांगतो. कारखान्यात ती हकीगत नाना प्रकारांनी फिरली, तेव्हा एकदा नीट होऊन जाऊ दे.

याच सभागृहात, याच ठिकाणी, बाईंनी फुक्ससाहेबांचे वॉल्ट्झ सगळ्यांना ऐकवायचं ठरवलं. बाईंची ती फार दिवसांची इच्छा. त्याच संध्याकाळी महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, म्हणून दोन्ही एकत्र केलं. त्यामुळे बायका ओटीचं सामान घेऊनच आल्या होत्या. आम्ही दोघं व्यासपीठावर बसलो. शालनच्या केसांत अबोली होती. मी रंगरावांचा कोट घातला होता. वॉल्ट्झ एकामागून एक चालले. प्रत्येकाच्या मधे थोडं थांबायचं असतं. शेवटच्या वॉल्ट्झच्या आधी आम्ही असेच थांबलो.

गोजाबाई उशिरा आल्या होत्या. कशाचा कार्यक्रम ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी काय पाहिलं? उंचावर बसलेला जोडा. पोरगी पोराच्या उजव्या हाताला, धर्मकार्यात बसवतात तशी. समोर भरलेली सभा, सगळे गप्प. बाजूला बाई, रेशमी साडी नेसून, डोळे पुसत. कुणालाही जे वाटलं असतं ते त्यांना वाटलं. त्या तडक वर आल्या, शालनला कुंकू लावलं, नारळ-तांदळानं ओटी भरली, माझ्या कपाळाला बोट लावलं आणि दोघांच्या तोंडात साखर घातली. म्हणाल्या, "लई शोबतोय जोडा. व्हय गं कौसल्ये, सांगितलं बी न्हाईस." पाटलांच्या मातोश्री पुढं झाल्या म्हटल्यावर मागं रांग लागली. प्रत्येकीनं ओटी भरली. तोंडात साखर असल्यामुळे मला बोलता येईना, आणि खरं सांगायचं तर मी फार प्रयत्न केला नाही.

उद्धवराव उठले आणि मुलीला घरी घेऊन गेले. शेवटचा वॉल्ट्झ राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटायच्या आत सगळ्या पिंपरीत साखरपुडा झाला होता, आणि आठवड्यात बार्शीहून त्यांच्या वडीलभावांची विचारणा आली.

अध्यक्षमहाराज, तुमच्या मातोश्रींबद्दल माझ्या मनात राग नाही. असलाच तर उलट काहीतरी आहे. पण उद्धवरावांच्या बाजूनंही पाहिलं पाहिजे. परक्या गावात पोटासाठी आलेला माणूस. अब्रू हीच त्याची जमीन. मी तेव्हा तसं पाहिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि मोठमोठ्यानं बोललो. कलेचा अपमान झाला म्हणालो, संगीत बंद करण्याचा अधिकार कुणाला आहे म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले,

"ज्योतीराम, घर चांगलं आहे तुझं. पोरगाही वाईट नाहीस. पण कॉलेज अर्धं सोडलंस. तालमीत नाव घातलंस, तेही अर्धं. आता हे वाजवणं. आजवर एक तरी गोष्ट शेवटाला नेलीस का? नेलीस की सांग."

प्राध्यापकांच्या तासावरून उठलो होतो, तसाच मी तिथूनही निघालो.  घरी येऊन मी नोकरीचा राजीनामा लिहिला. रंगरावांनी तो वाचून फाडला आणि म्हणाले, "हेच तर ते म्हणाले ना, येड्या."

तेव्हापासून कुमारी शालनच्या बोटाखाली पट्टी आलेली नाही. मी मात्र रोज संध्याकाळी बाईंकडं जातो. खालची बाजू एकटाच वाजवतो. धुम् चक् चक्. वरचं मनात ऐकतो. बाईंनी इतकी वर्षं काय सोसलं ते मला आता कळतं.

आणि येत्या परवा बाई निघणार. डॉक्टरांचा करार संपला, वीस वर्षांनी आपल्या शहरात परत चालल्या. आपल्याला आनंद वाटला पाहिजे, आणि वाटतोही. पियानो, हा इथं माझ्या मागं आणून ठेवलाय तो, आणि तो सगळा गठ्ठा त्यांनी आपल्या मंडळाला दिला आहे. त्याबद्दल रंगरावांनी टाळ्या घेतल्याच. पण देताना बाई मला जे म्हणाल्या ते टाळ्यांचं नव्हतं. म्हणाल्या, "पियानो म्हणजे लाकूड. फुक्स म्हणजे कागद. दोन माणसं बसली नाहीत तर दोन्ही वाळवी खाईल. मी व्हिएन्नामधे कुणाला सांगू, की पिंपरीत फुक्स जिवंत आहे? सांगू की नको?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी समर्थ नाही. माझ्याकडं अर्धंच उत्तर आहे, डावीकडचं. म्हणून मी या सभेपुढं, आणि श्रीयुत उद्धवरावांपुढं, हात जोडून एक विनंती करतो. साहेब, मी तुमच्याकडं दुसरं काही मागत नाही. मागायची माझी लायकी अजून झालेली नाही, हे तुम्ही म्हणालात, आणि जूनमध्ये मी कॉलेजात परत नाव घालणार आहे, पण तेही आज सांगण्यात अर्थ नाही, पास झाल्यावर सांगीन. मी मागतो ते एवढंच, की तो राहिलेला वॉल्ट्झ आज बाईंच्या देखत पुरा करू द्या. दोनशे माणसांसमोर, दिव्यांच्या उजेडात, कौशल्याबाई वाटलं तर मधे बसतील. आणि पुढं माझ्या जागी तुम्हाला दुसरं कुणी बसवायचं असेल तर खालची बाजू मी त्याला शिकवीन. मन लावून शिकवीन. पण वरची बाजू बंद करू नका. ती मुलगी वाजवते तेव्हा मेलेला माणूस पुन्हा बोलतो. हे मी अलंकारिक बोलत नाही. फुक्ससाहेबांना आज या जगात बोलायला पिंपरीत ही एकच जागा उरली असेल, कोण जाणे.

क्षमा करा, मी थांबलो. उद्धवराव काहीतरी म्हणाले. मागं ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो.

उद्धवराव म्हणाले, "आधी भाषण तर पुरं कर."

तेव्हा, सभाजनहो, मी ते पुरं करतो. मला बोलायची संधी दिली म्हणून रंजन मंडळाचे आणि रंगरावांचे आभार मानतो. अध्यक्षांचे मानतो, त्यांच्या मातोश्रींचे मानतो. कौशल्याबाईंचे मानतो, पाय सरळ ठेवतो. डॉक्टरसाहेबांना आणि बाईंना सुखरूप प्रवास चिंतितो. त्यांच्या शहरात कुणी विचारलं, तर बाई, खुशाल सांगा. आपण सर्वांनी माझं हे लांबलेलं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत. बोलण्याच्या भरात कुणाला उणं-अधिक लागलं असेल तर ते माझ्या वयाच्या आणि स्वभावाच्या खात्यावर टाका आणि पोटात घाला.

भाषण पुरं झालं, साहेब.